अंथरुणाला खिळलेल्या बाईंचा परवाना

१० जानेवारी

चि. ठमीस,

आशीर्वाद. अनेक नाही, एकच देते, पुरवून वापर.

फोन सोडून कागद का घेतला ते आधी सांगते. फोनवर तू नुसतं "हं, हं" करतेस आणि मागे तुझ्या क्लासच्या पोरांचा गलका असतो. इकडे तुझा भाऊ दारात उभा राहून ऐकतो आणि मी फोन ठेवला की माझीच वाक्यं दुरुस्त करून मला सांगतो. मी आयुष्यभर मेट्रन होते. माझ्या बोलण्यावर देखरेख ठेवलेली मला चालत नाही.

तर विषय असा. माझा इथे राहायचा परवाना या उन्हाळ्यात संपतोय. रिटायर झाल्यावर बाब्याने मला इथे आणलं, तेव्हा "मुलावर अवलंबून असलेली आई" म्हणून तो काढला होता. अवलंबून! असो. दर काही वर्षांनी तो वाढवून घ्यायचा असतो, आणि त्याची अट अशी की माणसाने देशाबाहेर फार काळ राहायचं नाही. मधे तिकडे तुझी मावशी आजारी पडली आणि ती जाईपर्यंत मी तिच्या उशाशी होते, तेव्हा ही अट मोडली. मोडली तर मोडली. पण आता साध्या अर्जावर भागणार नाही, कुणीतरी जाणकार सल्लागार हवा, असं तुझ्या भावाचं म्हणणं. जाणकार शोधायची त्याची रीत म्हणजे मोबाइलवर कुणाला किती चांदण्या मिळाल्यात ते बघायचं.

सर्वात जास्त चांदण्यांवाल्याकडे काल बाब्या, सूनबाई आणि मी गेलो. काचेची इमारत. आत भिंतीवरून पाणी वाहत होतं. मी म्हटलं, "पाइप फुटलाय का रे?" बाब्या लाजला. ती शोभा आहे म्हणे.

सल्लागाराचे दात आधी दिसले, मग तो दिसला. माझ्यासमोर बसून त्याने बाब्याला विचारलं, "आईंचं वय काय? आईंना ऐकू येतं का?" मी म्हटलं, "येतं. म्हणूनच त्रास होतोय." सूनबाईने त्याचं भाषांतर केलं नाही. मग तो बोलायला लागला. प्रोफाइल, सोल्यूशन, जर्नी. माझी जर्नी म्हणे त्यांची टीम सांभाळणार. मी विचारलं, मी बाहेर राहिले त्या काळाचं काय करणार? "टीम बघेल." टीम कुठे आहे? त्याने मागे बोट दाखवलं. मागे एक मुलगी आपली नखं बघत बसली होती.

आणि ठमे, त्याने माझी फाईल उघडलीच नाही. बंद फाईलवर हात ठेवून बोलत राहिला, बुवा लोक भक्ताच्या डोक्यावर ठेवतात तसा. माझ्या वॉर्डात एखाद्या नव्या डॉक्टरने पेशंटचा कागद न बघता औषध सांगितलं असतं तर मी त्याला व्हरांड्यात उभा केला असता. मी उठले.

बाब्या गाडीत एक शब्द बोलला नाही. सूनबाई तशीही बोलत नाही. दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या करते, घरी स्वतःचे दात दाखवत नाही.

तुझी तब्येत कळव. खरी कळव.

आई

*

१ फेब्रुवारी

ती. आईस,

साष्टांग नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात लाल पेन होतं, सवय.

आई, तुला पसंत पडलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. बाबांबद्दल कुणी विचारलं तर तू "ठीक आहेत" म्हणायचीस, आणि ते ऐकून बाबांची छाती फुगायची, कारण बाकीच्यांना तेवढंही मिळायचं नाही. तेव्हा त्या दातवाल्याचं काय घेऊन बसलीस? तुला तिथे सल्लागार हवाय. जावई नकोय.

माझ्या क्लासमधल्या एका मुलीच्या काकांचं असंच अडलेलं काम तुमच्याच गावातल्या एकाने करून दिलं. आपली भाषा बोलतो. आपला माणूस आहे. भिंतीवरून पाणी वगैरे काही नाही. मी बाब्याला नंबर दिलाय. मुकाट्याने जा.

आणि परवाना वाढवून घेणं किती गरजेचं आहे हे तुला कळतंय ना? इथे आता राहण्यासारखं काही उरलेलं नाही. लिफ्ट आठवड्यातून दोनदा बंद. समोर इमारत पाडताहेत, नुसती धूळ. तुझे डॉक्टर वारले, त्यांचा मुलगा बसतो आणि त्याला काही येत नाही. शेजारच्या काकू मुलीकडे गेल्या. पाणी सकाळीच येतं. माणसं उर्मट झालीत. मी हे तुला घाबरवायला सांगत नाही, पण तिथे कसं सगळं स्वच्छ, शांत. नातीचा सहवास. या वयात आणखी काय हवं असतं?

घराची काळजी करू नकोस. मी अधूनमधून जाऊन खिडक्या उघडते.

तुझी,
ठमी

*

२० फेब्रुवारी

चि. ठमीस,

आशीर्वाद.

तुझ्या पत्रात लिफ्ट, धूळ, डॉक्टर, काकू, पाणी आणि उर्मट माणसं एका दमात आली. पेशंट जेव्हा न विचारता इतकी लक्षणं सांगतो तेव्हा आम्ही तो दाखवतो ते पोट सोडून दुसरीकडे हात लावून बघायचो. तूर्त इतकंच.

नातीच्या सहवासाचं म्हणशील तर ती आता मोठी झाली. तिच्या खोलीला दार आहे आणि ते बंद असतं. ती वाईट नाही. तिला आता सांभाळणारी बाई लागत नाही, एवढंच. आणि मला तेवढ्यासाठीच आणलं होतं.

तुझा "आपला माणूस" पाहिला. टायरच्या दुकानावर दोन खोल्या. आल्याआल्या पाया पडला आणि मला "आई" म्हणाला. ज्याला मी जन्म दिलेला नाही त्याने मला आई म्हटलं की मी पर्स जवळ ओढते. तो म्हणाला, "आई, तुम्ही काही टेन्शन घेऊ नका, शंभर टक्के काम." मी विचारलं, कसं? तर त्याने आवाज खाली आणला. माझी बहीण आजारी होती हे सरकारला सांगून उपयोग नाही. आजारी मी होते असं लिहायचं. मायदेशी गेले आणि तिथेच अंथरुणाला खिळले, प्रवास करवेना, म्हणून वेळेत परतले नाही. अजूनही खिळलेलीच आहे, मुलाशिवाय पाणी पिता येत नाही. डॉक्टरचं पत्र तो आणून देणार. डॉक्टर त्याच्या ओळखीचा.

मी त्याचे जिने चढून आले होते. आम्हाला घ्यायला खाली आलेला तो धापा टाकत होता.

मी म्हटलं, "बाळ, खिळलेल्या माणसाला पाठीला जखमा होतात. त्या कुठून आणणार? त्याही तुझ्या ओळखीच्या आहेत का?" तो हसला. त्याला वाटलं मी गमतीत बोलतेय. मी त्याचं लायसन्स विचारलं, या कामाची सरकारी नोंदणी असते ती. त्याने भिंतीवरची चौकट दाखवली. मी चष्मा लावून जवळ गेले. टायपिंगच्या परीक्षेचं प्रमाणपत्र होतं. दुसऱ्या श्रेणीत.

तोवर बाब्याने माझा पासपोर्ट त्याच्या हातात दिला होता आणि त्याने तो खणात टाकला होता. मी टेबलाच्या त्या बाजूला गेले, खण उघडला, माझा पासपोर्ट काढला आणि पर्समध्ये ठेवला. "आई, असं करत नाहीत," बाब्या म्हणाला. खरंच, कसं करत नाहीत? त्या खणात पासपोर्टांचा गठ्ठा होता, ठमे, रबर लावलेला. कुणाकुणाची आयुष्यं तिथे पडली आहेत कोण जाणे.

मला खोटं लिहायचं नाही. तुझी मावशी आजारी होती, मी तिची शुश्रूषा केली, आणि ती गेली. यात लपवण्यासारखं काय आहे? तिच्या हॉस्पिटलचे सगळे कागद मी आपल्या घरी मागच्या खोलीत ठेवलेत, लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात. ते काढून पाठवून दे. लगेच.

आई

*

१५ मार्च

ती. आईस,

सा. न.

उशीर झाला, परीक्षांचे दिवस आहेत.

कपाट उघडत नाहीये. किल्ली फिरते पण दार येत नाही, बहुतेक गंजलंय. माणूस बोलावते. पण खरं सांगू का, त्या कागदांनी काही होणार नाही असं बाब्या म्हणतो आणि मलाही तेच वाटतं. सरकारला तुझ्या बहिणीशी काय देणंघेणं? सगळे लोक असंच करतात. शेकडो माणसांची कामं त्या टायरवरच्याने केलीत. सगळं जग वाकतं आणि तू एकटी ताठ. तुझी मेट्रनगिरी संपून किती वर्षं झाली! आता कुणी तुझ्या राउंडला घाबरून चादरी सरळ करत नाही. हे तुला कुणीतरी सांगायला हवं होतं. बाब्यात हिंमत नाही म्हणून मी सांगते.

बाब्याचं आणि माझं बोलणं झालंय. आम्ही दोघांनी ठरवलंय की त्याच माणसाकडून काम करून घ्यायचं. तू फक्त सही कर. आयुष्यात एकदा मुलांचं ऐक.

ठमी

*

१० एप्रिल

आई,

फोन का उचलत नाहीस? पत्रही नाही. बाब्या म्हणतो, सगळं ठीक आहे. त्याचं "सगळं ठीक" मला लहानपणापासून माहीत आहे. सायकल नाल्यात घातली तेव्हाही तो घरी येऊन हेच म्हणाला होता.

रागावली असशील तर रागाव, पण कळव. वहिनीला मेसेज केला तर तिने नुसता अंगठा पाठवला. ही बाई बोलत नाही की तुम्ही सगळे तिला बोलू देत नाही?

ठमी

*

२ मे

चि. ठमीस,

बाब्याचं आणि तुझं "ठरलं", त्याचं पुढे काय झालं ते ऐक.

मी सही करणार नाही म्हटल्यावर तुझा भाऊ गप्प बसला. मला वाटलं, पटलं. गेल्या महिन्यात एका सकाळी मी हॉलमध्ये शिडीवर चढून खिडकीची वरची काच पुसत होते. घंटी वाजली. सूनबाईने दार उघडलं. एक जाडसर बाई आणि तिच्यामागे बॅग घेतलेला एक तरुण नर्स. दोघांच्या गळ्यात सरकारी ओळखपत्र. बाई काहीतरी म्हणाली आणि सूनबाई खांबासारखी उभी राहिली. इथल्या भाषेत मला भाजी घेता येते, सरकारशी बोलता येत नाही. मी शिडीवरूनच विचारलं, "कोण पाहिजे म्हणतात?"

सूनबाई म्हणाली, "अंथरुणाला खिळलेल्या बाईंची तपासणी करायला आलेत."

मी हातात ओलं फडकं घेऊन उभी. त्यांना सांगितलं असेल की बाईंना मुलाशिवाय पाणीही पिता येत नाही. तो नर्स पोरगा माझ्याकडे बघत होता, मग शिडीकडे, मग बॅगेकडे. मला त्याची दया आली. मी खाली उतरले, हात पुसले, त्यांना बसवलं.

बाईंनी कागद काढले. अर्ज, डॉक्टरचं पत्र, आणि खाली माझी सही. ती मी बघितली. बाब्याने केलेली. प्रगतिपुस्तकावर बाबांची सही करायचा तशीच, शेवटचं अक्षर उगाच लांबवून. इतक्या वर्षांत त्यात काडीची सुधारणा नाही. त्यांनी विचारलं, ही सही तुमची का?

आता तूच विचार कर, तू पोरांना गणितं घालतेस ना. नाही म्हटलं तर मुलगा कोर्टात. हो म्हटलं तर मी खोटारडी, आणि तीही त्यांच्यासमोर धडधाकट बसून. मी सूनबाईला म्हटलं, "मी सांगते ते शब्दाला शब्द सांग. हा अर्ज मला मागे घ्यायचा आहे. त्यात लिहिलंय ते खरं नाही आणि तो पाठवायच्या आधी मला कुणी वाचून दाखवला नाही." तिने सांगितलं. बाईंनी सहीचं पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "तुम्ही आजारी बाई बघायला आलात. ती या घरात नाही. आणखी मला काही बोलायचं नाही."

ती बाई माझ्याकडे बघत राहिली. वॉर्डात खोटं पकडल्यावर मी नव्या नर्सकडे जशी बघायची तशी. मग तिने लिहिलं, अर्ज मागे घेतला. जाताना म्हणाली, जुना परवाना संपायच्या आत नवा अर्ज केलात तर घेऊ, पण त्यातलं अक्षर न् अक्षर तपासलं जाईल.

संध्याकाळी बाब्या आला. म्हणाला, "आई, मी तुझ्यासाठीच केलं."

मी म्हटलं, "माझ्यासाठी तू मला आडवी पाडलीस."

रडला. मी पाणी दिलं. पाठ थोपटली नाही. एवढा मोठा बाप्या, मोठमोठे पूल तपासायची नोकरी, आणि आईला एक प्रश्न सरळ विचारायची ताकद नाही. त्या टायरवरच्याकडे गेला तर तिथली पाटी बदललेली. आता तो लग्नं जुळवतो म्हणे. पासपोर्टांचं काय केलं, देव जाणे.

मग सूनबाई बोलली. ठमे, मी या घरात आल्यापासून इतकं सलग तिला बोलताना ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, "आता मी शोधते. तुम्ही दोघं मधे पडू नका." तिने सरकारी नोंदणीतली यादी काढली आणि दुपारच्या सुट्टीत एकेकाला फोन लावला. सगळी हकीकत सांगून एकच प्रश्न: काम होईल का? जो "नक्की" म्हणाला त्याच्या नावावर काट. जो "पैसे भरा मग बघू" म्हणाला त्याच्यावरही काट. शेवटी एकच बाई उरली. ती म्हणाली होती, "माहीत नाही. कागद आणा."

चष्म्याच्या दुकानामागे तिचं ऑफिस. एक टेबल, तीन खुर्च्या, त्यातली एक डुगडुगती. बाई माझ्याच वयाची, केस पांढरे, तोंड कडू. बसा म्हणाली नाही. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत फाईल वाचली, आणि आम्ही तिघं शाळेतल्या पोरांसारखे उभे. मग बाब्याकडे न बघता म्हणाली, "ज्याने आधीचा अर्ज केला तो बाहेर बसेल." बाब्या गेला. मला बरं वाटलं, लपवत नाही.

मग तिने मला विचारलं, आणि सूनबाईने भाषांतर केलं, "इथे तुमचं काय आहे?"

म्हणजे काय?

"तुम्ही बाहेर होतात, तरी तुमचं आयुष्य इथेच होतं हे मला दाखवायचंय. तुमच्या नावावर इथे काय आहे? घर? खातं? वाचनालय, मंडळ, मैत्रीण, काहीही."

मी विचार केला. घर मुलाचं. खातं मुलाचं, मला त्यातून काढता येतं. फोन मुलाच्या नावावर. मैत्रीण नाही. बागेत एक म्हातारी भेटायची, ती हल्ली येत नाही आणि तिचं नाव मी कधी विचारलं नाही. इतकी वर्षं राहिले, आणि माझ्या नावावर इथे एक छत्री नाही. मी म्हटलं, "काही नाही." सूनबाई लाल झाली, पण तिने तेच सांगितलं. दिवसभरात तिने माझं एकही वाक्य मऊ केलं नाही. माझ्या दोन्ही पोरांना जे जमलं नाही ते तिला जमलं.

ती बाई म्हणाली, "मग फक्त तुमची बहीण उरते. तिचे कागद आणा. त्यावर मिळेल किंवा मिळणार नाही. मी खात्री देत नाही." मी म्हटलं, ठरलं, हीच. हमखास बरं करतो म्हणणाऱ्या डॉक्टरांचे पेशंट मी फार नेलेत शवागारात.

तेव्हा कपाट गंजलं असेल तर फोड, पण कागद पाठव. आणि परवाना नाही मिळाला तर मी माझ्या घरी येईन. पलंगावरची चादर बदलून ठेव.

आई

*

२० मे

आई,

चादर बदलता येणार नाही. पलंग नाही.

लिहूनच टाकते, म्हणजे तुला पोट सोडून दुसरीकडे हात लावायचे कष्ट नकोत. बाजारातली जागा मालकाने काढून घेतली. तेव्हापासून माझा क्लास तुझ्या घरात आहे. हॉल आणि मागची खोली यांच्यातली भिंत पाडली. तिथे आता बाकं आहेत, फळा आहे. पलंग देऊन टाकला. कपाट जिन्याखाली ठेवलंय, त्याला गंजबिंज काही लागलेला नाही; खऱ्या कागदांवर परवाना नाकारतील आणि तू परत येशील, या भीतीने तसं लिहिलं. खिडक्या मी रोज उघडते, अधूनमधून नाही. पन्नास पोरांचा श्वास कोंडतो.

तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, आणि तेही एका शब्दात. कुणासाठी राखून ठेवायचं होतं घर? तू गेलीस तेव्हा दोन्ही किल्ल्या माझ्या हातात देऊन म्हणालीस, "बघ." मी बघितलं.

आणि आता निघालंच आहे तर ऐक. बाब्याची मुलगी झाली तेव्हा तू रिटायर होऊन विमानात बसलीस. माझं पहिलं बाळ गेलं तेव्हा तू ड्युटीवर होतीस. तुझ्याच हॉस्पिटलात, दोन मजले वर. तू आलीस, चार्ट वाचलास, सिस्टरला सलाइन बदलायला सांगितलंस आणि गेलीस. त्या दिवशी मला मेट्रन नको होती. तुला "इथे तुमचं काय आहे" विचारल्यावर सांगण्यासारखं काही निघालं नाही म्हणून तू दोन पानं लिहिलीस. मला हा प्रश्न तुझ्याबद्दल कुणी विचारला असता तर मीही तेच म्हटलं असतं: काही नाही. फक्त मी त्यावर पत्रं लिहिली नाहीत. भिंत पाडली.

मावशीचे कागद सोबत आहेत. सगळे. डिस्चार्ज, औषधांची बिलं, मृत्यूचा दाखला. हॉस्पिटलच्या डॉक्टरांकडून तू तिच्याजवळ होतीस असं पत्रही घेतलंय. डॉक्टर तुझं नाव ऐकताच खुर्चीत सरळ बसले.

परवाना मिळो. मनापासून म्हणतेय, पण कशासाठी म्हणतेय ते तुला कळतंच.

ठमी

*

११ ऑगस्ट

चि. ठमीस,

परवाना मिळाला. काल कार्ड आलं.

त्या कडू तोंडाच्या बाईने बातमी देतानाही अभिनंदन केलं नाही. म्हणाली, "अटी वाचा." तुझ्या कागदांनी काम झालं, तू घेतलेलं डॉक्टरांचं पत्र तिने सर्वात वर लावलं होतं. आता एक गंमत बघ. मी इथे अडकून राहावं म्हणून तू जीव टाकत होतीस, आणि ज्या कागदांवर मी इथे राहणार होते तेच कपाटात कोंडून बसली होतीस. टायरवरच्याचा अर्ज मी मागे घेतला नसता तर मी तुरुंगात किंवा तुझ्या दारात. फसवायचं तर जरा डोकं लावून फसवावं. पोरांना काय शिकवतेस?

बाब्याने पेढे वाटावेत तसा चेहरा केला. म्हणाला, "झालं ना आई, आता निवांत राहा." मी म्हटलं, "तिकीट काढ." त्याला कळेना. परवाना मिळाल्यावर कुणी जातं का? त्याला मी समजावत बसले नाही. सूनबाईला एका वाक्यात समजलं. नाकारलं असतं तर मला हाकलल्यासारखं झालं असतं, आणि तुम्ही दोघांनी माझी कीव केली असती. आता मी निघतेय.

कार्ड जिवंत ठेवायचं तर वर्षातला थोडा काळ इथे काढावा लागतो. तो मी काढेन. सूनबाईने मला वाचनालयाचं सभासद केलं, माझ्या नावाने. तिथल्या खुर्च्या बऱ्या आहेत. तेवढे दिवस बाब्या मला सोसेल. उरलेले तू सोसायचे. मी कुणावर अवलंबून आहे हे सरकारने ठरवायचं नाही.

भिंत पाडलीस ते वाचून राग आला. अजून आहे. भिंतीबद्दल मला विचारायला हवं होतंस, आणि मी नाही म्हटलं असतं हे तुझं म्हणणं खरं आहे. ती आता बांधू नकोस. पन्नास पोरांना बाहेर काढून मी आडवी होणार नाही; आडवं व्हायची माझी हौस भागली. स्वयंपाकघराच्या बाजूला एक खाट टाक. दुपारी क्लास चालू असताना मी गप्प बसेन. हे मी कबूल करतेय, लिहून ठेव.

आता तुझं बाळ.

तू लिहिलंस ते खरं आहे. मी आले, चार्ट वाचला आणि गेले. दोन मजले वर गेले की आणखी कुठे गेले, ते तुला माहीत नाही. मी कधी सांगितलं नाही आणि तू कधी विचारलं नाहीस. त्याचं उत्तर मी कागदावर देणार नाही. कागदावर माझं सगळं नीटनेटकं येतं, आणि हे तसं यायला नको. समोरासमोर बसू. तुला जे बोलायचं असेल ते सगळं बोल, ओरड, पोरांना त्या दिवशी सुट्टी दे. मधेच "हं, हं" करून फोन ठेवता येणार नाही, आणि मलाही ड्युटीवर जाता येणार नाही.

सूनबाई म्हणते, तुम्हाला विमानतळावर घ्यायला वन्संना सांगू का? मी म्हटलं, तिला सांगायचं नाही. यायचं असेल तर येईल.

आई